मुरगळलेला पाय आणि दुकानाची वही

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम मी संकोचलो. धान्याच्या घाऊक व्यापारात ज्याचे चाळीसहून अधिक वर्षांचे आयुष्य गेले आणि ज्याचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही, त्याने विद्वानांच्या पंक्तीत पान मांडावे कशाला? आवक-जावक, आडत, बाजारभाव यांविषयी अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तथापि आमच्या गोदामात एक प्रसंग घडला आणि त्यातून मला जे शिकावयास मिळाले, ते आपल्या प्रत्येक सभासदाच्या दुकानाशी व घराशी संबंध असलेले आहे. विषय दिसावयास अगदी क्षुल्लक आहे, तो म्हणजे मुरगळलेला पाय. वाचकबंधू व भगिनी हसतील. मीही दोन वर्षे हसण्यावारीच नेले होते, म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे.

आमचे बेज्जूर हे गाव प्राणहितेच्या अलीकडच्या मुलखातील. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. 2016 साली नवे जिल्हे झाले, तेव्हापासून ते आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. नदीपलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. त्यामुळे आमच्या बाजारात तेलुगू, मराठी व गोंडी या तिन्ही भाषा एकाच काट्यापाशी ऐकू येतात. धान, तूर, ज्वारी व कापूस हा येथील माल. आगगाडी गाठावयाची तर सिरपूर कागजनगरला जावे लागते. पावसाळ्यात गोदामापुढे असा चिखल होतो की, ट्रक आणि ओटा यांच्यामध्ये टाकलेली फळी साबण लावल्यासारखी निसरडी होते. या फळीवरूनच आमच्या कथेला आरंभ होतो.

आमच्या गोदामात एक हमाल सुमारे पंधरा वर्षांपासून काम करतो. त्याचे नाव येथे सांगत नाही. कारण नाव त्याचे आहे आणि दोष माझा आहे. तो नदीपलीकडचा, मराठी बोलणारा, अंगाने काटक व स्वभावाने अबोल. 2021 च्या पावसाळ्यात तुरीचे पोते पाठीवर घेऊन तो फळीवरून उतरत असता त्याचा उजवा पाय आतल्या बाजूस वळला व तो खाली बसला. घोटा बाहेरील बाजूने लिंबाएवढा सुजला. मी त्याला दोनशे रुपये व आंबेहळदीची पुडी देऊन घरी पाठविले. तिसऱ्या दिवशी तो फडके बांधून कामावर हजर झाला. हंगामाचे दिवस होते. ‘माणूस कष्टाळू आहे’ असे मी चारचौघांत त्याचे कौतुकही केले. त्या कौतुकाची आज मला लाज वाटते.

पुढे दोन वर्षांत तोच पाय वारंवार वळू लागला. प्रथम पोते पाठीवर असताना, नंतर रिकाम्या अंगाने, आणि शेवटी तर सपाट अंगणात चालताना. “शेठजी, पाय पुन्हा वळला जी,” असे तो खाली मान घालून सांगे, जणू गुन्हा त्याचाच. दर वेळी लेप, शेक, एका हाडवैद्याची मालीश आणि दोन-चार दिवसांचा खाडा, एवढाच उपचार होई. पाय बरा झालासा वाटे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच घडे.

19 ऑक्टोबर 2023 चा दिवस मला चांगला आठवतो. विश्वचषक स्पर्धेतील भारत-बांगलादेश सामना पुण्याजवळ गहुंजे येथे चालू होता. दुपारी उठाव कमी असल्यामुळे दुकानातील दूरदर्शन संचासमोर आम्ही सर्वच बसलो होतो. हमाल मंडळी दाराशी उभी होती. हार्दिक पंड्या आपले पहिलेच षटक टाकीत होता. तिसऱ्या चेंडूवर फलंदाजाने सरळ मारलेला फटका त्याने पायाने अडविण्याचा प्रयत्न केला, तोल गेला आणि डाव्या घोट्यावर सगळा भार येऊन तो कोसळला. षटकातील उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. हार्दिकला त्याच दिवशी तपासणीसाठी नेण्यात आले. दाराशी उभा असलेला आमचा हमाल इतकेच म्हणाला, “माझ्यावानीच वळला जी. याला आता डॉक्टर पाहतीन.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु मला मात्र ते शब्द टोचले. एका घोट्याला त्याच संध्याकाळी मोठमोठे तज्ज्ञ, आणि दुसऱ्या तशाच घोट्याला दोन वर्षे आंबेहळद! रात्री दुकान वाढविल्यावर मी हजेरीची वही काढून बसलो. त्या माणसाचे त्या दुखण्यापायी दोन वर्षांत सत्तेचाळीस खाडे झाले होते, आणि प्रत्येक खाड्यापुढे मजुरीच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने शून्य मांडले होते. दुसऱ्याच आठवड्यात कागजनगरला गाडी धरून बल्लारशा मार्गे मी त्याला नागपूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. तेथे जे ऐकले व पुढे जे पाहिले, ते माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडीत आहे.

घोट्याची रचना

नडगीच्या बाजूने खाली येणारे एक बारीक नळीचे हाड असते. त्याचे खालचे टोक म्हणजे आपल्याला बाहेरून हाताला लागणारा घोटा. या टोकापासून निघून पावलाच्या आतील घोट्याच्या हाडाकडे व टाचेच्या हाडाकडे जाणारे तीन चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. डॉक्टर मंडळी लिगामेंट म्हणतात. एक पुढच्या बाजूस, एक खाली टाचेकडे व एक मागच्या बाजूस. पाऊल आतल्या बाजूस वळू लागले की त्याला धरून ठेवणे हे या पट्ट्यांचे काम. तिघांत पुढचा सर्वांत दुबळा. बोटे खाली व तळवा आत अशा स्थितीत भार आला, म्हणजे प्रथम तोच ताणला वा फाटतो. जोर अधिक असेल तर त्यामागून टाचेकडचा. मागचा पट्टा सहसा शाबूत राहतो. फळीवरून उतरणाऱ्या हमालाचे पाऊल नेमके याच स्थितीत असते: बोटे खाली आणि पाठीवर पोते.

या दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत पट्टा केवळ ताणला जातो, दुसरीत अंशतः फाटतो, तिसरीत पूर्ण तुटतो. आपण व्यापारी माणसे पोत्याच्या तोंडाची सुतळी ओळखतो. ताणलेली सुतळी पुन्हा कामी येते. निम्मी तुटलेली सांभाळून वापरावी लागते. पूर्ण तुटली की तोंड उघडते. फरक एवढाच की, देहातील सुतळी स्वतः जुळून येऊ शकते, जर तिला अवधी दिला तर.

या ‘जर’मध्येच सर्व मर्म आहे. मुरगळलेल्या पायांपैकी बहुसंख्य पाय शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. पूर्ण तुटलेला पट्टादेखील आधार, विश्रांती व व्यायाम यांनी पुष्कळदा पुरेसा जुळतो. हार्दिक पंड्याचा घोटाही शस्त्रक्रियेविनाच बरा झाला. तथापि त्याला वेळ द्यावा लागला. 4 नोव्हेंबर 2023 रोजी तो उरलेल्या स्पर्धेतून बाहेर पडला व विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळू शकला नाही. देशाला त्याची गरज असतानाही त्याचा पाय घाईने कामाला जुंपला गेला नाही. आमच्या हमालाचा पाय मात्र तिसऱ्या दिवशी फळीवर चढला होता. पट्टा जुळण्यापूर्वीच पुन्हा पुन्हा ताणला गेल्याने तो लांब व ढिला होऊन बसला. नागपूरचे डॉक्टर मला शांतपणे म्हणाले, “शेठजी, पहिल्याच वेळी याला सहा आठवडे दिले असते, तर बहुधा आज येथे यावे लागले नसते.” मी काय उत्तर देणार?

घरगुती उपचाराची मर्यादा

आपल्याकडे अस्थिचिकित्सेची परंपरा मोठी आहे. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा व हाडे मोडण्याचे बारा प्रकार वर्णिले असून पट्ट्या व वृक्षांच्या साली बांधून अवयव स्थिर करण्याची रीत सांगितली आहे. स्थिर करणे हे तत्त्व आजही खरे आहे. परंतु ताज्या मुरगळीवर जोराने चोळणे, झटका देऊन ‘बसविणे’ व पहिल्याच दिवशी कडक शेक देणे यांनी आतला रक्तस्राव व सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस पायाला विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे लावावा, दाबपट्टी बांधावी व पाय उशीवर उंच ठेवावा. लेप लावल्याने मनाला बरे वाटत असेल तर हरकत नाही. पण लेप म्हणजे तपासणी नव्हे.

हाड मोडले आहे काय, हे ओळखण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली काही सोपे नियम प्रसिद्ध केले, ते जगभर वापरले जातात. दुखापतीनंतर लगेच व नंतर तपासणीच्या वेळी रोग्याला चार पावलेही चालता येत नसतील, अथवा आतील वा बाहेरील घोट्याच्या हाडावर, मागच्या कडेने खालच्या सहा सेंटिमीटरांत, बोटाने दाबले असता तीव्र दुखत असेल, अथवा पावलाच्या करंगळीकडील कडेच्या मध्यावर वा पावलाच्या आतील बाजूच्या मध्यभागी असणाऱ्या उंचवट्यावर तसेच दुखत असेल, तर क्ष-किरण छायाचित्र काढावेच. हे नियम प्रत्येक दुकानातील प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवण्याजोगे आहेत.

व्यायामाची पाळी

नागपुरास डॉक्टरांनी एका हाताने नडगी धरून दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढून पाहिली. डाव्या पायापेक्षा उजवा पाय कितीतरी पुढे सरकला. ढिला झालेला खण ओढावा तसा. नंतर क्ष-किरण व एम.आर.आय. तपासणी झाली. पुढचा पट्टा अगदी सैल व विरलेला, टाचेकडचाही दुबळा झालेला, असे निदान झाले. मला वाटले, आता लगेच शस्त्रक्रिया. परंतु डॉक्टरांनी प्रथम तीन महिने व्यायामच सांगितला.

याचे कारण त्यांनी दिले ते मनोरंजक आहे. अस्थिबंधात केवळ बळ नसते, जाणीवही असते. पाऊल वाकडे पडत आहे ही वार्ता तेथील सूक्ष्म मज्जातंतू वर पाठवितात व स्नायू तत्काळ पाय सावरतात. पट्टा दुखावला की ही वार्ता पोहोचण्यात विलंब होतो. 1965 साली इंग्लंडमधील फ्रीमन नावाच्या शल्यविशारदाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हे मत मांडले आणि डळमळत्या फळीवर उभे राहून तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचविला. आमच्या हमालाला एका पायावर उभे राहणे, मग घडी केलेल्या गोधडीवर तसेच उभे राहणे, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास करून पाऊल बाहेर ओढणे, असे व्यायाम दिले. तो ते गोदामाच्या ओट्यावर रोज नेमाने करी. सुरुवातीस इतर हमाल हसत. पुढे त्यांतील दोघे-तिघे स्वतःही करू लागले.

पुष्कळांना एवढ्यानेच गुण येतो. याला पुरता आला नाही. तोल सुधारला, दुखणे कमी झाले, परंतु फेब्रुवारी 2024 मध्ये अंगणात पाणी भरीत असताना पाय पुन्हा वळला. तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. पाय वारंवार वळतो, तपासणीत पट्टा ढिला आढळतो, आणि मनापासून केलेल्या व्यायामानेही गुण येत नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा असतो, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

शिवण आणि ठिगळ

या शस्त्रक्रियेचा इतिहास मला डॉक्टरांनी थोडक्यात सांगितला. पूर्वीचे शल्यविशारद, इंग्लंडमधील वॉटसन-जोन्स, 1953 साली आपली पद्धत प्रसिद्ध करणारे इव्हान्स, तसेच 1969 साली अमेरिकेतील क्रिसमन व स्नूक, हे घोट्यामागून जाणाऱ्या एका स्नायूची दोरी, सबंध वा अर्धी, घेऊन हाडात पाडलेल्या छिद्रांतून ओवीत व तिचा नवा पट्टा बनवीत. त्याने पाय स्थिर होई. परंतु ज्या स्नायूने पाय सावरावयाचा, त्याचीच दोरी खर्ची पडे आणि सांधाही काहीसा आखडे.

स्वीडनमधील लेनार्ट ब्रोस्ट्रोम या शल्यविशारदाने 1966 साली निराळा मार्ग दाखविला. जुना, ढिला झालेला पट्टा बहुधा तेथेच असतो. तोच आखडून पुन्हा हाडाशी शिवावा, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची दोरी घेण्याचे कारण नाही. 1980 साली अमेरिकेतील गुल्ड यांनी त्यात एक भर घातली. घोट्यासमोरील स्नायुरज्जूंना जागच्या जागी ठेवणारे जे जाड आवरण असते, त्याची कड ओढून त्या शिवणीवर दुसरा थर म्हणून टाचावी. आज जगभर बहुतेक ठिकाणी प्रथम याच पद्धतीचा विचार होतो. आम्हां धान्यवाल्यांना हे समजावयास अवघड नाही. फाटलेल्या पोत्याला दुसऱ्या पोत्याचे ठिगळ लावण्याऐवजी त्याचेच कापड ओढून दाभणाने शिवावे व वरून पदर दुमडून दुहेरी टीप मारावी, तसे हे काम आहे. मात्र कापडच उरले नसेल, देह फार स्थूल असेल, अथवा जन्मतःच सर्व सांधे लवचिक असतील, तर ठिगळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची स्नायुरज्जू, आजही वापरावी लागते. टाच आतल्या बाजूस कललेली असेल तर टाचेचे हाडही सरळ करावे लागते. एरवी नवी शिवणसुद्धा पुन्हा ताणते.

मार्च 2024 मध्ये शस्त्रक्रिया झाली. कमरेखालचा भाग बधिर करून प्रथम दुर्बिणीने सांध्याच्या आतील कूर्चा पाहिली. वारंवार वळलेल्या पायात ती पुष्कळदा झिजते. सुदैवाने इजा थोडी होती. नंतर बाहेरील घोट्यापाशी बोटभर लांबीचा छेद घेऊन पट्टा आखडला व हाडात बसविलेल्या बारीक खुंट्यांना धाग्याने घट्ट बांधला. सुमारे तासाभराचे काम.

खरे काम पुढे होते. पहिले दोन आठवडे पाय प्लास्टरच्या पट्टीत व उंचावर. टाके काढल्यावर गुडघ्याखाली येणारा कडक बूट व कुबड्या. मग हळूहळू पायावर भार. सहा आठवड्यांनंतर बूट काढून दोरीने आवळावयाचा आधारपट्टा आणि पुन्हा तेच गोधडीवरचे व्यायाम. साधी कामे तीन महिन्यांच्या सुमारास जमतात. जड ओझे वा खेळ यांना चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. धोकेही आहेत. जखम चिघळणे, पोटरीच्या शिरेत रक्त साकळणे, पावलावरील कातडीची संवेदना जाणे, सांधा आखडणे, व क्वचित पट्टा पुन्हा ढिला होणे. आमच्या हमालाच्या पावलावर पैशाएवढी जागा अजून बधिर आहे व थंडीत पाय सकाळी आखडतो. पण तो वळत नाही.

29 जून 2024 च्या रात्री बार्बाडोस येथील अंतिम सामना आम्ही पुन्हा त्याच संचासमोर पाहिला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या होत्या व चेंडू हार्दिकच्या हाती होता. पहिल्याच चेंडूवर सीमारेषेवर ज्याने तो अवघड झेल घेतला, त्या मुंबईच्या सूर्यकुमार यादवचाही घोटा आदल्या डिसेंबरात जोहान्सबर्ग येथे मुरगळला होता. भारताने सामना सात धावांनी जिंकला. आमचा हमाल त्या रात्री दोन्ही पायांवर उभा राहून टाळ्या वाजवीत होता. कुबड्या कोपऱ्यात पडल्या होत्या.

आपले कर्तव्य

आता सभासद बंधूंना चार शब्द. आपल्या धंद्याचा सर्व भार अखेर हमालाच्या घोट्यावरून जातो. शंभर किलोचे पोते पाठीवर देण्याचा काळ मी पाहिला आहे. आज पन्नास किलोचे पोते रूढ झाले, ही इष्टच गोष्ट झाली. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. कामावर झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर असते, हे तत्त्व तर या देशात 1923 सालच्या कायद्यापासून मान्य झाले आहे. परंतु कायद्याची वाट कशाला पाहावी? मी माझ्या गोदामात काही गोष्टी केल्या. फळी रुंद करून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या व पावसात तिच्यावर तागाचे पोते अंथरावयास लावले. ओट्यावर दिवा बसविला. अनवाणी पोते उचलू द्यावयाचे नाही असा नियम करून सर्वांना घोट्यापर्यंत येणारे बूट घेऊन दिले. आणि पाय मुरगळला तर डॉक्टर सांगतील तितके दिवस बसून काम, काट्यापाशी पोती मोजण्याचे, पूर्ण मजुरीने.

शेवटच्या गोष्टीवर माझे काही मित्र म्हणाले की, अशाने लोक खोटे लंगडतील. असा अनुभव मला तरी आला नाही. उलट हिशेब केला तर सहा आठवड्यांची बसून दिलेली मजुरी ही दोन वर्षांच्या सत्तेचाळीस खाड्यांपेक्षा, नागपूरच्या फेऱ्यांपेक्षा व शस्त्रक्रियेच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी होते. व्यापाऱ्याला हा हिशेब मी समजावून सांगावा असे नाही.

घरातील मंडळींसाठीही एक सूचना. उंबरठ्यावर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वा लग्नघाईत उंच टाचेच्या चपलेने पाय मुरगळला, म्हणजे आपल्या भगिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या राहतात. त्यांच्या खाड्यांची तर वहीच नसते. मुरगळलेल्या पायांपैकी निदान पाचांतील एकाला पुढे कायमची अस्थिरता राहते, हे ध्यानी घेऊन घरच्या माणसालाही तितकीच विश्रांती व तितकाच व्यायाम द्यावा. पाहून पाऊल टाकावे, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. परंतु दुसऱ्याचे पाऊल कोठे पडते आहे हे पाहणेही तिच्यातच येते, हे मला फार उशिरा उमगले.

संवत्सरीला आपण आप्तेष्टांची, व्यापारी मित्रांची, एवढेच नव्हे तर ज्यांच्याशी वर्षभर बोलणे नाही त्यांचीही क्षमा मागतो. इतक्या वर्षांत मी ती आमच्या हमालाजवळ मागितली नव्हती. 2024 च्या संवत्सरीनंतर दुसऱ्या दिवशी त्याला गादीजवळ बोलाविले, हजेरीची वही उघडली, सत्तेचाळीस शून्यांवर मजुरीचे आकडे मांडले आणि ती रक्कम त्याच्यापुढे ठेवली. तो घेईना. “पायाला तर तुमीच लावलं जी, आता हे कायले?” असे म्हणाला. मी म्हणालो, “बाबा, हे दान नव्हे. ही तुझी जुनी बाकी आहे. बाकी ठेवून मला दिवाळीचे वहीपूजन करता यावयाचे नाही.” तेव्हा त्याने ती उचलली.

दिवाळीनंतर धानाची आवक सुरू झाली आणि तो पुन्हा फळीवर चढला. पहिले पोते त्याच्या पाठीवर ठेवले तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. तो सावकाश उतरला, पोते थप्पीला लावले आणि दुसऱ्यासाठी परत आला.

लेख लांबला, याबद्दल वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. वैद्यकातील काही शब्द माझ्यासारख्या अडाण्याने जसे समजले तसे मांडले आहेत; ज्याच्या त्याच्या पायाचा निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच करावयाचा आहे. एवढे वाचून एखाद्या सभासद बंधूने उद्या सकाळी आपल्या गोदामाची फळी एकदा स्वतः पाय ठेवून पाहिली, तर संपादक मंडळाने मला दिलेली ही पाने वाया गेली नाहीत असे मी समजेन.